पाच नंबरची जर्सी

एका गावात एक तालीम होती. नावाला तालीम. आखाड्यातली तांबडी माती कधीच उडून गेली होती आणि तिथे आता फुटबॉलचे बूट वाळत पडायचे. गावच तसं होतं. पोरगं चालायला लागलं की आधी चेंडूला लाथ मारायचं आणि मग पाऊल टाकायचं. खालच्या पेठेची ही चिंचेची तालीम, वरच्या पेठेची तोफेची तालीम. या दोघींची मॅच असली की त्या दिवशी गावात कुणी लग्नाचा मुहूर्त धरत नसे. धरला तर नवरदेवच मांडवातून पळायचा.

चिंचेच्या तालमीचे कोच होते अण्णा इंगवले. घरची पिठाची गिरणी होती, पण जीव सगळा मैदानात. सकाळी पोरांना पळवायचं आणि मग गिरणीवर बसायचं, असा त्यांचा नेम. अण्णांचा चेहरा मोठा कठीण. संघ जिंकला तरी तोच, हरला तरी तोच. पोरं म्हणायची, अण्णांच्या गालावर बसलेली माशीसुद्धा कंटाळून उडून जाते. अण्णांना त्याचा अभिमान होता. ते म्हणायचे, "रडका कोच आणि गळका गोलकीपर, दोघांनाबी घरी बसवावं."

या तालमीत एक जुनी रीत होती. हंगाम सुरू व्हायच्या दिवशी सकाळी नव्या जर्सी मारुतीपुढे ठेवायच्या. संघाच्या कॅप्टनने नारळ फोडायचा. मग कोचने एकेकाचं नाव घ्यायचं आणि कॅप्टनने त्याची जर्सी उचलून द्यायची. ज्याचं नाव आलं नाही त्याने समजून घ्यायचं. त्याला कुणी काही विचारत नसे, सांगत नसे. त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा मात्र जरा मोठा पडायचा. तो खोबरं खायचा, मारुतीच्या पाया पडायचा आणि घरी जायचा. अण्णांना त्यांच्या वस्तादांनी असंच घरी पाठवलं होतं. ते खोबरं अण्णांना त्या दिवशी गिळवलं नव्हतं. पण पुढे स्वतः कोच झाल्यावर त्यांनी रीत तशीच चालू ठेवली. माणसाचं असंच असतं. सासूने छळलेली सून पुढे सासूच होते.

संघाचा कॅप्टन होता पिराजी चौगुले. पाच नंबरची जर्सी घालून तो मागे बॅकला उभा राहायचा, आणि तो उभा असला की गोलकीपर निवांत शेंगदाणे खाऊ शकेल असा त्याचा दरारा होता. चड्डीची नाडी बांधता येत नव्हती तेव्हापासून तो अण्णांच्या हाताखाली होता. त्याला बूट घालायला अण्णांनी शिकवलं, हेडिंग करायला अण्णांनी शिकवलं, आणि कानाखाली वाजवून शाळेतही अण्णांनीच पाठवलं. पुढे तो वायरमन झाला. दिवसभर विजेच्या खांबांवर चढायचं आणि सकाळ-संध्याकाळ मैदानात यायचं. त्याला दोन लहान मुलं होती. खांब हे त्याचं पोट होतं आणि फुटबॉल हा त्याचा श्वास.

पण पिराजीचा गुडघा गेला होता. तो कुणाला सांगत नव्हता. तालमीच्या पायऱ्या उतरताना तो आडवा होऊन एकेक पाऊल टाकायचा आणि पोरांना म्हणायचा, "राजेमहाराजे असंच उतरत्यात रं." पोरं हसायची. अण्णा हसायचे नाहीत. ते तेवढ्यापुरती मान वळवायचे. शेवटी न राहवून त्यांनी पिराजीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, पिराजीला गोळ्या आणायला खाली पाठवलं आणि अण्णांना सांगितलं, "अजून एक हंगाम खेळला तर हा माणूस काठी घेऊन चालेल. खांबावर चढायचं तर विसराच." पिराजीने वर येऊन विचारलं, "काय म्हणाले?" अण्णा म्हणाले, "काय न्हाई. विश्रांती घे म्हणाले."

घरी आल्यावर अण्णा जेवले नाहीत. त्यांच्या पत्नीने, मालनकाकूंनी, सगळं त्यांच्या तोंडून काढून घेतलं. काकूंना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, पण माणसातलं सगळं कळत होतं. त्या म्हणाल्या, "मग त्याला घरी बोलवा. पोहे करते. समोर बसवून नीट सांगा."

"पोहे खायला घालून कुणाला संघातनं काढत्यात व्हय?"

"मग काय उपाशी काढत्यात?"

अण्णा म्हणाले, "तालमीची रीत हाय. त्याला कळतंय. कॅप्टन हाय तो." खरी गोष्ट वेगळी होती. पिराजीपुढे बसून हे सांगायला गेलो तर आपल्याला रडू फुटेल, हे अण्णांना ठाऊक होतं. आणि रडणारे अण्णा इंगवले पेठेने कधी पाहिले नव्हते. त्यांनी मैनूभाई शिंप्याला जर्सी शिवायला सांगितल्या तेव्हा पाच नंबर सांगितलाच नाही. तो आकडा दुसऱ्या कुणाला द्यायचं त्यांच्या जिवावर आलं.

जर्सी वाटायचा दिवस उजाडला. पिराजीने पहाटेच अंघोळ करून मारुतीला शेंदूर लावला. नारळ फोडला. अण्णा एकेक नाव घेऊ लागले आणि पिराजी जर्सी उचलून देऊ लागला. कुणाच्या पाठीवर थाप, कुणाच्या डोक्यावर टपली. गठ्ठा कमी होत गेला. शेवटची जर्सी गोलकीपर युनूसच्या हातात पडली आणि खालचं फडकं उघडं पडलं.

अण्णांनी खोबऱ्याच्या ताटाकडे नजर लावली. आता त्याला कळेल, त्यांना वाटलं. आता तो मारुतीच्या पाया पडेल आणि जाईल.

पण पंगतीत वाढणारा माणूस स्वतःला जेवणाऱ्यांत मोजत नाही. इतक्या वर्षांत दुसऱ्यांना जर्सी वाटून वाटून, आपलंही नाव गळू शकतं हे पिराजीच्या डोक्यातच शिरलं नाही. त्याने फडकं उचलून झटकलं. खाली वाकून पाहिलं. मग कपाळावर हात मारून हसला.

"अण्णा, माझी मैनूभाईकडंच ऱ्हायली बघा. म्हाताऱ्याचं ध्यानच नसतंय हल्ली. थांबा, आत्ता घेऊन येतो."

अण्णांनी तोंड उघडलं. सांगायची वेळ हीच होती. पण तोंडातून एवढंच बाहेर पडलं, "सावकाश जा."

पिराजी आडवा आडवा पायऱ्या उतरला, स्कूटरला लाथ मारली आणि गेला. जाताना शीळ घालत गेला. तालमीत कुणी कुणाकडे बघेना. जो तो आपल्या जर्सीची शिवण तपासू लागला.

खोटं कशाला बोला, अण्णांना घटकाभर हायसंच वाटलं. आता मैनूभाई सांगेल. आपल्याला काही बोलावं लागणार नाही. काम परस्पर झालं. त्यांनी खोबऱ्याचं ताट उचललं आणि पोरांपुढे धरलं. कुणी हात पुढे केला नाही. युनूसने तर आपली जर्सी परत फडक्यावर ठेवली.

"काय झालं रे?" अण्णा म्हणाले.

युनूस अण्णांच्या पुढ्यात कधी मान वर करून बोलला नव्हता. आज बोलला. "आमालाबी असंच सांगणार काय, अण्णा? शिंप्याकडनं?"

हाताखालच्या पोराने तोंडावर बोलावं, अशी वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. त्यांना स्वतःच्या तोंडातलं ते जुनं न गिळलेलं खोबरं आठवलं. त्या दिवसानंतर ते वस्तादांच्या घराची पायरी पुन्हा चढले नव्हते. वस्ताद गेले तेव्हाही ते गल्लीच्या तोंडाशीच उभे राहिले होते. राग म्हणून नव्हे. आत जायला आपण यांचे कोण, हेच त्यांना कळलं नव्हतं. आता पिराजीलाही तेच वाटणार होतं. अण्णांनी ताट खाली ठेवलं आणि ते निघाले. चपला तालमीच्या दारातच राहिल्या.

मैनूभाईंचं दुकान बाजारपेठेत होतं. मोठा गुणी कारागीर, पण त्यांची एक अडचण होती. गावातल्या सगळ्या तालमींच्या जर्सी तेच शिवायचे. त्यामुळे हंगामाच्या तोंडावर त्यांच्या दुकानात सगळे वैरी एका दोरीवर लटकत असायचे.

अण्णा धापा टाकत पोचले तेव्हा पिराजी दुकानाच्या फळीपाशी उभा होता. मैनूभाई मशीन थांबवून खाली मान घालून बसले होते. पिराजीला कळलं होतं. त्याच्या शेजारी तोफेच्या तालमीचे मॅनेजर दादूमामा मगदूम उभे होते. ते आपल्या जर्सी न्यायला आले होते आणि आयतंच घबाड गावल्यासारखे खुलले होते. पिराजीच्या हातात त्यांनी आपल्या तालमीची पिवळी जर्सी दिली होती. पिराजी ती छातीला लावून बघत होता.

"आमच्यात पाच नंबर मोकळाच हाय," दादूमामा म्हणत होते. "घरच्यांनी टाकलं म्हणून काय झालं? आमी डोक्यावर घेतो."

"पिऱ्या, ठेव ती," अण्णा म्हणाले. मैदानातला तोच आवाज. त्या आवाजावर पिराजी आजवर पळाला होता, थांबला होता, पडला होता आणि उठला होता.

आज तो हलला नाही. "कुणी सांगितलं ठेव म्हणून? माझा कोच कुठं हाय हितं?"

रस्त्यावरची माणसं थबकली. भाजीवालीने तागडी खाली ठेवली. अण्णांनी वाटेत मनाशी चार वाक्यं जुळवून आणली होती. ती त्यांनी म्हणायला सुरुवात केली. "तुझा गुडघा... डॉक्टर म्हणाले..."

"गुडघा माझा हाय!" पिराजी ओरडला. "काल सांगायचं. परवा सांगायचं. आज मारुतीपुढं सगळ्यांच्या देखत सांगायचं. मी फडकं झटकत बसलो आणि तुम्ही नुसतं बघत ऱ्हायलासा. मी शीळ घालत आलो, अण्णा. शीळ घालत! आणि मैनूभाईंनी सांगितलं मला. तुम्ही न्हाई, मैनूभाईंनी!"

अण्णांनी जुळवून आणलेली चार वाक्यं तिथेच संपली. ते दुकानाच्या पायरीवर खाली बसले. आणि भर बाजारात, अख्ख्या गावासमोर, अण्णा इंगवले रडले. धोतराचा सोगा तोंडाला लावून, खांदे हलवत, लहान पोरासारखे रडले.

दादूमामांनी उगाचच मान वळवून दोरीवरच्या जर्सी मोजायला घेतल्या.

"भ्यालो मी," अण्णा म्हणाले. "तुझ्यापुढं बसायला भ्यालो. तू मैदानात नसलास तर मी कुठं बघून उभं ऱ्हायचं, ते मला कळत न्हाई, पिऱ्या. इतकी वर्षं मॅच सुरू झाली की मी आधी तुला बघतो, मग चेंडूला. रोज तू पायरी आडवा उतरतोस. मी मान वळवतो, कारण बघवत न्हाई. तुझी लेकरं लहान हायत. अजून किती खांब चढायचं हाय तुला. आमाला कप पायजे म्हणून तुझा पाय खाऊ व्हय मी?"

पिवळी जर्सी अजून पिराजीच्या हातातच होती.

"मला म्हातारा म्हण, भित्रा म्हण, तोंड बघू नकोस माझं. पण ती घालून मैदानात उतरू नकोस. आमच्याविरुद्ध खेळशील म्हणून न्हाई सांगत. कुणाकडनंच खेळू नकोस."

पिराजीने विचारलं, "अण्णा, एवढ्या वर्षांत एकदाबी 'चांगला खेळलास' म्हणाला न्हाईसा. का?"

"म्हणलो असतो तर आज तुला सोडता आलं नसतं," अण्णा म्हणाले. मग डोळे पुसून पुन्हा म्हणाले, "न म्हणूनबी कुठं सोडता येतंय?"

पिराजीने ती पिवळी जर्सी फळीवर ठेवली. बाह्या आत दुमडून नीट घडी घातली, कारण जर्सी चुरगाळायची नाही हे त्याला लहानपणीच शिकवलं होतं. मग ती दादूमामांच्या पुढे केली.

"मामा, ही मला बसायची न्हाई."

"अरे, डबल एक्सेल हाय की!" दादूमामा म्हणाले. मग त्यांनी पिराजीचा चेहरा पाहिला आणि जर्सी मुकाट्याने पिशवीत घातली.

आता गोष्टीत पुढे दोघांनी गळामिठी मारली, असं सांगता आलं असतं. तसं झालं नाही. पिराजीला राग होता, आणि तो खरा होता. त्याने अण्णांना हात देऊन पायरीवरून उठवलं, स्कूटरवर मागे बसवलं, तालमीच्या दारात सोडलं आणि तो घरी गेला. आत आला नाही. त्यानंतर पुष्कळ दिवस तो मैदानाकडे फिरकला नाही. अण्णा रोज सराव घ्यायचे आणि रोज मधूनच रस्त्याकडे बघायचे. पेठेत कुणी विचारलं, "अण्णा, पिराजीला काढलासा म्हणं?" तर पूर्वीसारखे "हूं" करून पुढे जात नव्हते. थांबायचे. "काढला. लई वाईट वाटतंय," असं सरळ सांगायचे. ऐकणाराच बिचारा गांगरायचा.

एके सकाळी सराव चालला होता. नवा बॅक चेंडूमागे भलतीकडेच धावत सुटला होता. एवढ्यात मैदानाच्या कठड्यावरून आरोळी आली, "अरे, चेंडूला काय बघतोस? माणूस बघ, माणूस!"

अण्णांना मागे वळून पाहायची गरज नव्हती. तो आवाज त्यांना झोपेतही ओळखता आला असता. पूर्वीचे अण्णा असते तर तसेच ताठ उभे राहिले असते. आताचे अण्णा वळले. सगळ्या पोरांच्या देखत त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "लांबनं काय वरडतोस? हितं येऊन शिकव की त्याला."

पिराजी आला. खेळायला नाही, पण आला, आणि मग रोज येऊ लागला. नव्या बॅकला त्याने असा तयार केला की पोरगं झोपेतसुद्धा माणूस धरू लागलं, असं त्याची आई सांगायची. गुडघा थोडा सुधारला. खांबावर चढण्याइतका सुधारला, आणि तेवढं पुरे होतं.

त्या तालमीत पुन्हा कुणालाही नुसतं खोबरं देऊन घरी पाठवलं गेलं नाही. ज्याला काढायचं असेल त्याच्या घरी अण्णा स्वतः जायचे. समोर बसायचे, सांगायचे आणि बहुधा रडायचे. पुढेपुढे तर असं झालं की हंगामाआधी अण्णा गल्लीत शिरताना दिसले की जुने खेळाडू दाराला कडी घालायचे. पण कडी घातली तरी अण्णा दारात बसून राहायचे, आणि शेवटी कडी निघायचीच. ज्यांना त्यांनी असं घरी बसवलं, ते सगळे मॅचला मात्र न चुकता यायचे.

काही वर्षांनी एका दुपारी तोफेच्या तालमीचे दादूमामा अण्णांच्या गिरणीवर आले. हातात दळणाचा डबा नव्हता. बराच वेळ ते इकडचं तिकडचं बोलत राहिले. पाऊसपाणी झालं, बाजारभाव झाला. पिराजी तिथेच गिरणीचा पट्टा बसवत होता. शेवटी दादूमामा एकदाचे मुद्द्यावर आले.

"अण्णा, आमच्या सर्जेरावाला यंदा घरी बसवायचं हाय. लई जुना माणूस. चार दिवस झालं, त्याच्या दारापत्तोर जातो आणि माघारी येतो. काय बोलायचं तेच सुचत न्हाई. त्या दिवशी मैनूभाईच्या दुकानात तुम्ही काय काय बोललासा, तेवढं सांगा. तसंच म्हणतो."

अण्णांनी पुष्कळ आठवून पाहिलं. कपाळ चोळलं. "मला एक शब्द आठवत न्हाई, दादू," ते म्हणाले. "रडलो तेवढं आठवतंय."

पट्ट्यापाशी वाकलेल्या पिराजीने मान वर केली नाही.

"मामा, बसा," तो म्हणाला. "मला सगळं पाठ हाय."

तात्पर्य: माणसाला सोडायची वेळ आली तर त्याच्यासमोर बसून आपल्या तोंडाने सांगावं, आणि डोळे भरून आले तर लपवू नयेत. कठोर निर्णय माणूस कधीतरी माफ करतो, पण आपल्या जाण्याने कुणालाच काही वाटलं नाही, हे त्याला जन्मभर सलत राहतं.